डावा कान बंद, तोल चालू

चक्कर येते असं नाशकात कुणालाही सांगून बघा, समोरच्याकडे निदान तयार असतं. आईच्या मते पित्त. शेजारच्या काकांच्या मते बीपी. साइटवरच्या मुकादमाच्या मते उपाशीपोटी उन्हात फिरल्याचा परिणाम, आणि हे तो भर आषाढात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन सांगत होता. बायकोच्या मावशीने तर फोनवरच माझ्या मानेचे मणके झिजवून टाकले. डाव्या कानातून मेंदूकडे जाणारी तोलाची नस सुजून एका रात्रीत बंद पडू शकते, हे यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आजाराचं नाव व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, डिप्लोमा सिव्हिल. सध्याची इमारत पाथर्डी फाट्याजवळची. दिवसातला निम्मा वेळ शटरिंगच्या प्लेटा, कडेचे बीम आणि परांचीच्या फळ्या यांच्यावर जातो. हे आधीच सांगतो, कारण तोल गेला तर टेबलावर काम करणाऱ्याची पंचाईत वेगळी आणि माझी वेगळी.

त्या सकाळी अंथरुणात उठून बसलो आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ उजवीकडे सरकायला लागलं. सरकायचं, झटकन जागेवर यायचं, पुन्हा सरकायचं. डोळे मिटले तरी आत गरगर चालूच. उलट्या सुरू झाल्या. बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलो तर प्रत्येक पाऊल डावीकडे पडत होतं, जणू घरच त्या बाजूला उतरतं झालं होतं. ऐकू मात्र स्वच्छ येत होतं, स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीसकट. ही गोष्ट पुढे निदानात महत्त्वाची ठरली. या आजारात ऐकण्याला धक्का लागत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. “माझ्या नाकाकडे बघत राहा, काही झालं तरी नजर हलवू नका,” म्हणाले, आणि डोकं झटक्यात थोडंसंच वळवलं. उजवीकडे झटका दिला तेव्हा नजर नाकावर चिकटून राहिली. डावीकडे दिला तेव्हा नजर डोक्याबरोबर वाहत गेली आणि मग उडी मारून नाकावर परतली. ती उडी मलासुद्धा जाणवली. सिडनीतल्या हालमाग्यी आणि कर्टहॉईस यांनी १९८८ मध्ये ही चाचणी मांडली. तिला हत्यार-अवजार काही लागत नाही. गंमत अशी, की सतत गरगरणाऱ्या रुग्णात ही चाचणी बिघडलेली निघाली तर डॉक्टर थोडे निश्चिंत होतात. बिघडली म्हणजे दोष बहुतेक कानाच्या नसेत. बिघडली नाही तर दोष लहान मेंदूत, म्हणजे पक्षाघात असण्याची शंका येते, आणि तिथे पहिल्या एकदोन दिवसांत एमआरआयसुद्धा कधीकधी चकवतो. गरगरण्याबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसायला लागले, हातपाय लुळा पडला, किंवा बसल्या जागीही धड बसता येईना, तर पित्ताच्या गोळ्या शोधत न बसता थेट इमर्जन्सी गाठावी. माझ्यात यातलं काही नव्हतं. स्टिरॉइडचा छोटा कोर्स आणि उलटी-गरगर दाबणाऱ्या गोळ्या घेऊन घरी आलो.

घड्याळ का सरकत होतं हे ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात, आणि त्यांत द्रव भरलेला असतो. साइटवर लेव्हल काढायची पाण्याची नळी ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे लगेच कळेल: नळी एकदम ओढली की आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. डोकं वळलं की कानातला द्रव तसाच मागे राहतो, नलिकेतला एक मऊ पडदा वाकवतो, आणि पडद्यातल्या केसपेशी नसेला खबर देतात. याशिवाय सरळ रेषेतली हालचाल आणि खाली कुठे आहे हे कळण्यासाठी दोन पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे.

मला खरं नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. डोकं अगदी स्थिर असतानाही दोन्ही नसा गप्प नसतात. माकडांवरच्या मोजमापांत एकेक तंतू सेकंदाला साधारण ९० ठोके पाठवताना आढळला आहे. डोकं उजवीकडे वळलं की उजव्याचे ठोके वाढतात, डाव्याचे घटतात. मेंदू फक्त दोघांतला फरक बघतो. माझा डावा बंद पडला, उजवा नेहमीसारखा चालू राहिला. मेंदूला फरक दिसला आणि त्याने हिशोब मांडला की डोकं जोरात उजवीकडे फिरतंय. मग डोळ्यांना डावीकडे नेणं आलं, घड्याळ उजवीकडे सरकणं आलं आणि अंग डावीकडे कलणंही आलं. सगळं चोख, फक्त मुळातली खबर खोटी.

काही दिवसांत गरगर ओसरली. ती आपोआपच ओसरते. मेंदू उजव्या बाजूची खबर दाबतो, डाव्या बाजूच्या केंद्रातला आवाज स्वतःच वाढवतो आणि शांत बसलेल्या माणसाचा हिशोब जुळवून आणतो. पडून राहिलं तरी हे होतं. मला वाटलं, सुटलो. घरच्यांनाही तसंच वाटलं.

पण मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. आंघोळीला बसलो, डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटून तांब्या डोक्यावर रिकामा केला, की डावा खांदा फरशीच्या भिंतीला टेकलेला. जर्मनीतल्या मॉरित्झ रोम्बर्गने १८४० च्या दशकात पाठीच्या कण्याचा रोग झालेल्या रुग्णांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं, की डोळे मिटले किंवा अंधार झाला की त्यांचा उभ्याचा तोल जातो. त्यांचे पाय खबर द्यायचे बंद झाले होते, माझा कान. भागवणारे डोळे दोन्हीकडे सारखेच. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या पावलागणिक उडायच्या. थांबल्याशिवाय वाचता यायच्या नाहीत. डोकं हललं की डोळे तितकेच उलटे फिरवून नजर स्थिर ठेवायचं काम कान करतो, सेकंदाच्या शंभराव्या भागात. डोळ्यांनी पाहून डोळे हलवायचे म्हटले तर त्याच्या दहापट वेळ लागतो, तोवर पुढचं पाऊल पडलेलं असतं. बायकोने स्कूटरची किल्ली लपवून ठेवली. परांचीचं तर नावच नको.

गोळ्या मात्र हाताशी होत्या, आणि त्या घेतल्या की बरं वाटायचं. एका डॉक्टरांनी त्या महिनाभर चालू ठेवायला सांगितल्या होत्या. ईएनटींनी पहिल्याच भेटीत बंद करायला लावल्या. पहिले काही दिवस उलट्यांसाठी ठीक, म्हणाले, त्यानंतर त्या मेंदूला शिकू देत नाहीत. आणि कॉलेज रोडवरच्या एका फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी लिहून दिली.

फिजिओ मॅडम वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाय जुळवून फरशीवर उभं केलं: डोळे उघडे, मग मिटलेले. दोन्ही वेळा जमलं. जमलं म्हणून मी थोडा खूशही झालो. मग त्यांनी निळ्या फोमची जाड गादी टाकली. त्यावर डोळे उघडे ठेवून डुगडुगत का होईना, उभा राहिलो. “आता डोळे मिटा. मी मागे आहे.” मिटले, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या हातात होतो. डावीकडे.

“फरशीवर तुमचे पाय सांगत होते. फोमवर पाय खोटं बोलतात, म्हणून डोळ्यांनी सांगितलं. डोळे मिटल्यावर फक्त कान उरतो, आणि तुमचा एकच कान सांगतोय,” मॅडम म्हणाल्या. तोलाच्या अभ्यासात एक अंदाज बराच वापरला जातो: उजेडात, टणक जमिनीवर निरोगी माणूस सुमारे ७० टक्के भरवसा पाय आणि घोटे यांच्या जाणिवेवर ठेवतो, २० टक्के कानावर आणि १० टक्के डोळ्यांवर. जमीन मऊ किंवा हलती झाली की हे वाटप झपाट्याने बदलतं आणि कानाचा भाव वाढतो. घरातल्या फरशीवर मी ठणठणीत का वाटायचो, आणि साइटवरच्या भुसभुशीत मुरुमावर का झोकांड्या खायचो, याचा उलगडा त्या गादीवर झाला.

तिथे दाब मोजणारी एक पाटीही होती, संगणकाला जोडलेली. तिच्यावर उभं राहून पडद्याकडे बघताना मला जे दिसलं ते सविस्तर सांगायला हवं.

आमच्या धंद्यात एखादी गोष्ट उभी राहील का, याचं गणित सोपं असतं. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडला पाहिजे, बस. भिंत एकदा उभी राहिली की तिला उभं राहण्यासाठी काही करावं लागत नाही. माणसाचा गुरुत्वमध्य उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, बेंबीच्या जरा खाली येतो. तिथून ओळंबा सोडला तर तो घोट्याच्या सांध्यावर पडत नाही, काही सेंटिमीटर पुढे पडतो. म्हणजे नुसतं उभं असतानाही आपण घोट्यातून पुढे पडतच असतो आणि पोटरीचा स्नायू मागून ओढून धरत असतो. ही ओढ कधी कणभर कमी, कधी कणभर जास्त होते. त्यामुळे स्थिर उभा असलेला माणूसही सतत हेलकावत असतो. पडद्यावर माझ्या तळव्यांखालच्या दाबाचा मध्यबिंदू ठिपक्यासारखा दिसत होता, आणि तो एक क्षणही जागेवर थांबत नव्हता. शरीर पुढे झुकलं की ठिपका शरीराच्याही पुढे, बोटांकडे पळायचा. तो पुढे गेला तरच शरीराला मागे ढकलणारा मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, तयार होतो. शरीर मागे आलं की ठिपका टाचेकडे. दिवसभर, न सांगता, ही धावपळ चालू असते.

या धावपळीला मर्यादा आहे तळव्याच्या लांबीची. पाय न हलवता, अंग ताठ ठेवून माणूस पुढे साधारण ८ अंश झुकू शकतो, मागे फक्त ४. घोटा पायाच्या मागच्या टोकाला आहे, त्यामुळे मागे जागाच कमी. साइटवर लोक मागे सरकताना पडतात ते मी इतकी वर्षं बघतोय. कारण मात्र तेव्हा पहिल्यांदा अंशांत कळलं. मर्यादेच्या आत घोट्याने काम भागतं. धक्का मोठा असेल किंवा पायाखालची जागा अरुंद असेल तर कंबरेतून वाकून वरचं धड एकीकडे आणि कंबर दुसरीकडे टाकावी लागते. तेवढ्यानेही भागलं नाही तर पाऊल टाकायचं. नॅशनर आणि होराक यांनी १९८० च्या दशकात सरकत्या पाटीवर माणसं उभी करून हे घोटा-कंबरेचं वाटप उलगडून दाखवलं. मॅडमनी मला हलकेच ढकलून तिन्ही करायला लावले. पुढून, मागून आणि डावीकडून ढकललं की घोट्याने सावरायचो. डावीकडे तोल गेला की घोटा-कंबर सोडून थेट पाऊल पडायचं, तेही उशिरा.

मग सुरू झाला व्यायाम, आणि त्याबरोबर घरातली भांडणं.

मॅडमनी विटांच्या एका जुन्या डिलिव्हरी चलनाच्या कागदामागे मार्करने मोठा ‘क’ लिहिला आणि भिंतीवर चिकटवायला सांगितला. हाताच्या अंतरावर उभं राहायचं, नजर ‘क’वर ठेवायची आणि डोकं नाही-नाही म्हटल्यासारखं डावी-उजवी हलवायचं. अक्षर पुसट होईल इतक्या वेगात न्यायचं आणि मग किंचित कमी करायचं. नंतर हो-हो म्हटल्यासारखं. काही आठवड्यांनी तोच कागद हातात धरून डोक्याच्या उलट दिशेला हलवायचा. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात मळमळलं. मी थांबलो तर फोनवर मॅडम म्हणाल्या, “चक्कर यायलाच हवी. थोडी यावी, आणि थांबल्यावर काही मिनिटांत बसावी. अजिबात आली नाही तर सांगा, मी व्यायाम वाढवते.”

आईला हे पटणं शक्यच नव्हतं. “चक्कर थांबवायला डॉक्टरकडे गेलास, आणि आता पैसे देऊन चक्कर आणतोयस?” तिने मीठ-साखरेचं पाणी समोर ठेवून विचारलं. तिच्या पिढीत चक्कर आली की पडून राहायचं, डोळे मिटायचे, अंधार करायचा. पण अक्षर पुसट होणं हीच मेंदूला मिळणारी चूक झाल्याची पावती आहे. नजर किती चुकली हे त्याला त्या पुसटपणावरून कळतं, आणि तेवढी दुरुस्ती तो पुढच्या वेळी करतो. डोकं हललंच नाही तर चूक होणार नाही, आणि चूक झाली नाही तर दुरुस्त कशाची करणार? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी कानाला इजा झालेल्या रुग्णांना हालचालींचे व्यायाम द्यायला सुरुवात केली, कारण जे लवकर हिंडू-फिरू लागतात ते लवकर सावरतात असं त्यांना दिसलं होतं. हे मी आईला सांगितलं. “इंग्लंडात पित्त होत नसेल,” ती म्हणाली.

फोमवर डोळे मिटून उभं राहण्याचा सराव भिंतीजवळ चालायचा. तिथे एक गोष्ट अजूनही मला चकित करते. मी पडायला लागलो की मॅडम म्हणायच्या, “भिंत धरू नका, फक्त एका बोटाचं टोक लावा.” एका बोटाने काय होणार? पण खरंच, टोक भिंतीला लागताच हेलकावे निम्मे झाल्यासारखे वाटायचे. जेका आणि लॅकनर यांनी १९९४ मध्ये हे मोजलं होतं: बोटाचा जोर एका न्यूटनपेक्षा कमी, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वजनापेक्षाही कमी ठेवला तरी शरीराचं हेलकावणं घटतं. इतक्या जोराने माझ्यासारखा गडी सावरला जाणं शक्य नाही. बोट आधार देत नाही, भिंत कुठे आहे ते सांगतं. बोटाच्या त्वचेवरचा दाब किंचित बदलला की मेंदूला कळतं अंग कुठल्या बाजूला चाललंय. तेव्हापासून जिन्यातल्या कठड्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो, आणि साइटच्या कच्च्या जिन्यांना पहिल्या दिवसापासून बांबूचा कठडा बांधून घेतो. लोक तो धरत नाहीत, नुसता हात फिरवत जातात. तेवढं पुरतं.

श्रावणात गंगापूर धरणातून पाणी सोडलं. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली आणि अर्धं नाशिक गोदावरी बघायला लोटलं. पूर आला की मारुती किती बुडाला यावर मोजायचं, ही इथली रीतच. आम्हीही होळकर पुलावर गेलो. कठड्याशी उभं राहून खाली बघितलं. मातकट पाणी पुलाखालून निघून समोर पळत होतं, आणि माझं अंग त्याच्यामागे पुढे ओढलं जात होतं. बायकोने मागून शर्ट धरला. “अहो, काय करताय!” मी काहीच करत नव्हतो. नजरेसमोरचं सगळं एका दिशेने वाहायला लागलं की शरीर त्याच दिशेला झुकतं. हे सगळ्यांचंच होतं, थोडंफार. निरोगी माणसाचे कान लगेच सांगतात की तू जागेवरच आहेस. माझ्याकडे त्या सभेत एक मत कमी होतं, आणि कान गेल्यापासून मेंदूने डोळ्यांना नको तितकं महत्त्व दिलेलं. मेन रोडच्या गर्दीत, सराफ बाजाराच्या गल्लीत जीव घाबरा व्हायचा तोही यामुळेच. मॅडमना सांगितलं तर त्यांना आनंदच झाला. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्यापासून चांगलं लांब उभं राहून वाहत्या पाण्याकडे बघायचा व्यायाम मिळाला: आधी पाण्याकडे, मग पायरीच्या दगडाकडे, मग पुन्हा पाण्याकडे, आणि लक्ष तळव्यांवर. घाटावरच्या एका आजोबांनी विचारलं, कुणाच्या अस्थी सोडायला आलात का.

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालण्याचा सराव सुरू केला तेव्हा मी जपून, हळू चालायचो. मॅडमनी उलट सांगितलं: भरभर चाला. आणि खरंच, भरभर चाललं की रेघ सरळ यायची. म्युनिकच्या ब्रांट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच नोंदवलं आहे, ताजी इजा असतानाही माणूस चालण्यापेक्षा धावताना कमी भरकटतो. वेगात चालणं बऱ्याच अंशी पाठीच्या कण्यातल्या ठरलेल्या तालावर चालतं आणि कानाकडून येणारी खबर मेंदू मागे टाकतो. हळू चालताना प्रत्येक पाऊल विचारून टाकावं लागतं, आणि ज्याला विचारायचं तोच बिघडलेला. चालता चालता डोकं डावी-उजवी वळवायचं हा पुढचा टप्पा. “कुणाला शोधताय का?” असं रोजचे फिरणारे विचारायचे.

मुख्य प्रश्न होता परांचीचा. मॅडमनी जमिनीवर एक लाकडी फळी टाकली आणि तिच्यावरून चालायला लावलं. जमिनीवर चालताना आपण खरं तर कुठल्याच पायावर नीट उभे नसतो. गुरुत्वमध्य टेकलेल्या पायाच्या आतल्या कडेच्याही आतून जातो, म्हणजे प्रत्येक पावलाला आपण दुसऱ्या बाजूला पडत असतो आणि पुढचं पाऊल नेमकं तिथे ठेवून सावरतो. बाजूचा तोल मुख्यतः पाऊल कुठे पडतं यावर राखला जातो. फळीने हीच सोय काढून घेतली. पाऊल बाजूला टाकता येत नाही, म्हणून कंबर वळवायची, हात पसरायचे. पसरलेल्या हातांनी शरीराचा जडत्वाचा मोमेंट वाढतो आणि कलण्याचा वेग मंदावतो, तेवढाच सावरायला वेळ. आमचे बिहारी सेंट्रिंगवाले बीमवर चालताना हात सहज बाहेर ठेवतात ते नखरे नव्हेत.

दिवाळीनंतर पहिल्यांदा वरच्या स्लॅबवर गेलो, सेफ्टी बेल्ट लावून. मुकादम दोन पावलं मागे, “साहेब, आम्ही बघतो ना, तुम्ही कशाला,” म्हणत. कडेपासून लांब सगळं ठीक. कडेजवळ गेलो आणि समोर पांडवलेण्यांची टेकडी एवढीच वस्तू उरली, तसा पायांतला भरवसा गेला. यालाही कारण आहे, नुसती भीती नव्हे. अंग सेंटिमीटरभर हललं तर हातभर अंतरावरचा कॉलम डोळ्यांत चांगलाच सरकतो, लांबची टेकडी जवळपास सरकतच नाही. उंचावर, मोकळ्यात, डोळे तोलाच्या कामातून आपोआप निवृत्त होतात. म्हणून आता कडेला काम असेल तर मी नजर जवळच्या उभ्या सळईवर किंवा कॉलमवर ठेवतो आणि मगच खाली वाकतो. मुकादमालाही सांगितलं. तो म्हणाला, हे तर आम्ही आधीपासूनच करतो.

आता चाचणीबद्दल, कारण ती या सगळ्याचा कळस आहे. ईएनटींनी सुरुवातीला आणि मग माघात पुन्हा, कॅलॉरिक चाचणी केली. कॅमेऱ्याचा काळा चष्मा लावून झोपवतात आणि कानात पाणी सोडतात, एकदा ३० अंश सेल्सियस, एकदा ४४. म्हणजे अंगाच्या तापमानाच्या सात अंश खाली आणि सात अंश वर. तापमानाच्या फरकाने आतला द्रव हलतो, चक्कर येते आणि डोळे फिरतात. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांनी हे शोधलं आणि त्यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. १९८३ मध्ये अंतराळात स्पेसलॅबवर ही चाचणी केली तेव्हा वजनच नसताना, म्हणजे गरम द्रव वर आणि थंड खाली जायचा प्रश्नच नसताना, डोळे तरीही फिरले. म्हणजे गरम वर-थंड खाली हे बाराणींचं स्पष्टीकरण अपुरं होतं, पण चाचणी आजही तीच चालते.

उजव्या कानात पाणी गेलं तशी टेबलासकट खोली फिरली. डाव्या कानात गेलं तेव्हा कान गार झाला, एवढंच. माघातल्या चाचणीतही तेच. मी रिपोर्ट दोनदा वाचला. परांचीवर चढतोय, स्कूटर चालवतोय, फोमवर डोळे मिटून उभा राहतोय, आणि डावा कान पहिल्या दिवसाइतकाच बंद? डॉक्टर म्हणाले, काहींची नस सावरते, काहींची नाही. तुमची सावरलेली दिसत नाही. उरलेला कान, पाय आणि डोळे यांच्यावर मेंदूने नवा हिशोब बसवला आहे. आजारपण, जागरण किंवा दारू यांनी तो काही काळ विस्कटू शकतो, आणि हालचाल सोडली तर गंजतो. ‘क’ अजून भिंतीवर आहे तो यासाठी.

“आणि एक,” ते म्हणाले, “गढूळ पाण्यात बुडी मारायची नाही.” पाण्याखाली डोळ्यांना दिसत नाही, पायाला जमीन नाही, अंग तरंगतं, वर कुठे हे सांगायला फक्त कान. तिथे माझं गणित कच्चं पडू शकतं. हे ऐकून मला पहिली आठवली ती रंगपंचमी. जुन्या नाशकात त्या दिवशी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात आणि रंगाने भरलेल्या त्या दगडी हौदात माणसं धप्पा मारतात. शनी चौकातल्या रहाडीत मी लहानपणापासून उडी मारत आलोय. यंदा मित्रांनी काठावर उभं करून बराच आग्रह केला, कान बंद आहे म्हटलं तर “मग ऐकू कसं येतंय?” म्हणाले. शेवटी मी काठावरच बसलो आणि बादलीने अंगावर घेतलं. रंग उतरायला नेहमीएवढेच दिवस लागले.